बावीस घरं, एक बंदूक

डॉक्टरांनी थर्मामीटर पुढे केला की गेजबाबू तोंड उघडत नसत. "आधी तुम्ही लावा," म्हणायचे. "तुम्हाला ताप नाही हे मला दिसून राहिलं. त्याला दिसते का ते पाहू." डॉक्टर पहिल्या वेळी चिडले, दुसऱ्या वेळी हसले आणि तिसऱ्या वेळेपासून मुकाट्याने स्वतःला लावून दाखवू लागले. एकदा तो थर्मामीटर खरंच बिघडलेला निघाला. नव्या थर्मामीटरने गेजबाबूंना एकशे दोन ताप भरला, पण चेहऱ्यावर आनंद असा की जणू घरात लग्न ठरलं.

हा माणूस माझा भाडेकरू. वरच्या दोन खोल्यांत अकरा वर्षं राहिला. तोफांच्या कारखान्यातून रिटायर झालेला, एकटा, सडपातळ, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी घडीची पोलादी पट्टी. गेज म्हणजे काय ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी विचारलं नव्हतं. कारखान्यात एखादा नग तयार झाला की तो मापाचा आहे का हे पाहायला पोलादाची एक कडी असते, तिला गेज म्हणतात. नग कडीतून गेला तर पास, नाही गेला तर बाद. सगळे लोक नग तपासतात. गेजबाबू ती कडी तपासायचे. कडीच झिजलेली असली तर? बत्तीस वर्षं ह्या माणसाने फक्त मापांची मापं घेतली. कारखान्यात त्यांचं नाव काय होतं कोण जाणे, आमच्या गल्लीत सगळे गेजबाबूच म्हणत.

"आधी माप मोजा, मग माल मोजा," हे त्यांचं वाक्य दिवसातून चार वेळा ऐकावं लागे. खरं-खोटं, चांगलं-वाईट हे शब्द त्यांच्या तोंडी नसत. "जाते" किंवा "नाही जात," एवढंच. माझे पोहे जायचे. माझी कारल्याची भाजी नाही जायची. समोरच्या घरी नवी सून आली तेव्हा मी विचारलं, कशी वाटली? "जाते," म्हणाले, आणि ती खरंच चांगली निघाली.

भाजीवाल्यांनी त्यांचा धसका घेतला होता. स्वतःचं एक किलोचं पितळी वजन पिशवीत घेऊन फिरायचे आणि भेंडी घेण्याआधी भाजीवाल्याचं वजन त्याच्याच तराजूत आपल्या वजनासमोर ठेवायचे. दोघांनी आमच्या गल्लीत यायचं सोडलं. तिसरी एक बाई होती घमापुर मोहल्ल्याकडून येणारी. तिचं वजन बरोबर निघालं तर ती दुसऱ्या दिवसापासून ओरडतच आली, "गेजबाबू पास टमाटर, गेजबाबू पास!" तिचा धंदा दुप्पट झाला.

मी चौथी शिकलेली. ब्लाऊज शिवते, चाळीस वर्षं झाली. गेजबाबूंना कारखान्याची फार ऐट आहे असं मला वाटायचं, म्हणून एकदा मी सुनावलं. म्हटलं, तुमचं पोलाद निदान गप्प बसते. माझ्याकडे बाई येते, छत्तीस शिवा म्हणते, आणि टेप लावली की चाळीस. म्हणून मी तोंडी माप कधी घेतच नाही. जुना ब्लाऊज दिला तरी टेप लावते.

गेजबाबू खुर्चीवरून उठून उभे राहिले. "वहिनी," म्हणाले, "तुम्ही तर आमच्या खात्याच्या निघाल्या जी." तोवर ते मला घरमालकीणबाई म्हणत होते. त्या दिवसापासून मी वहिनी झाले.

तर अशा माणसाला रिटायर झाल्यावर काम मिळालं ते सर्वेचं.

दिल्लीची कुठली तरी संस्था होती. लोकांच्या घरात किती बंदुका आहेत ते त्यांना हवं होतं. आमच्या ह्या नर्मदेकाठच्या हिंदी मुलखात बंदुकीची हौस जुनी आहे. लायसनसाठी लोक वर्षानुवर्षं चकरा मारतात, आणि मिळालं की पेढे वाटतात. म्हणून त्यांनी हे शहरही घेतलं. गल्लीबोळ ठाऊक असलेली माणसं हवी होती. गेजबाबूंनी अर्ज केला आणि निवडले गेले. छापील फॉर्म, गळ्यात ओळखपत्र, आणि वर देखरेखीला दिल्लीहून आलेली एक मुलगी. सगळे तिला दीदी म्हणत, म्हणून गेजबाबूही म्हणत, जरी ती त्यांच्या पुतणीपेक्षा लहान होती.

नियम असा, की घरच्याने जे सांगितलं तेच लिहायचं. नाव लिहायचं नाही. पोलिसांना काही कळवायचं नाही. गेजबाबू सगळे नियम पाळत. पण पहिल्याच दिवशी त्यांना घोर लागला. म्हणाले, "वहिनी, नग आहे बंदूक आणि गेज आहे माणसाचं तोंड. हे गेज कोणी तपासलं?"

तपासायचा उपाय त्यांनी स्वतःच काढला. फॉर्ममध्ये घरातल्या सामानाचे काही प्रश्न होते, पंखा, टीव्ही, कूलर. ते शेवटी विचारायचे होते. गेजबाबू कूलर आधी विचारू लागले. कूलर तर समोर दिसतो. जो कूलरबद्दल बरोबर सांगेल त्याच्या बंदुकीवर थोडा भरवसा ठेवायचा. जो कूलरबद्दलच नाही जात, त्याच्यासाठी ते स्वतःच्या वहीत एक छोटं वर्तुळ काढायचे.

पलीकडच्या मोहल्ल्यात एका बाईने सांगितलं, कूलर नाही. हे सांगताना तिच्या पाठीमागे कूलर असा घरघरत होता की गेजबाबूंना फॉर्म उडू नये म्हणून कोपराने दाबून धरावा लागला. तिला वाटलं हा वीजखात्याचा माणूस. गेजबाबूंनी "नाही" लिहिलं, वर्तुळ काढलं, आणि तिथला थंड वारा खात पुढचे अकरा प्रश्न विचारले. दुसऱ्या एका घरी म्हाताऱ्याने सांगितलं, दोन कूलर आहेत. घरात पंखाही नव्हता.

"काही लोक असलेलं लपवून राहिले," ते मला सांगत, "आणि काही नसलेलं सांगून राहिले. नसलेलं सांगणारे चहा मात्र हमखास देतात."

एका घरी सकाळी नवरा म्हणाला, बंदूक आहे. फॉर्मवर एक खूण राहिली म्हणून गेजबाबू दुपारी परत गेले, तर बायको म्हणाली, नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं. सतरा वर्षं संसार करून. आणि माझ्याकडे ब्लाऊज टाकायला येणाऱ्या एकीचं उलटं. तिचा नवरा गेजबाबूंना नाही म्हणाला होता, आणि ती हात वर करून माप देताना मला सहज बोलून गेली की कपाटामागची बंदूक झाडताना पायावर पडली. मी कोणाचं नाव सांगितलं नाही, गेजबाबूंनी विचारलं नाही. फक्त एवढं म्हणाले, "तुमच्या टेपेपुढे लोक खरं बोलतात. काहून बरं?"

म्हटलं, टेप लावताना बाई पोट आत ओढते. तिचं सगळं लक्ष पोटाकडे असते. तोंडाकडे नसते.

हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आता माझं सांगते. माझ्या घरात बंदूक होती. सासऱ्यांची बारा बोअरची दुनळी, मग ह्यांच्या नावावर झाली. हे गेले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. लायसन ह्यांचं, माणूस नाही, आणि बंदूक माळ्यावर गोधडीत गुंडाळलेली. एकाने सांगितलं, मेलेल्याची बंदूक घरात ठेवली तर केस होते. दुसऱ्याने सांगितलं, जमा कर. तिसरा म्हणाला, आता जमा करायला गेलीस तर विचारतील इतके दिवस काय केलं. मी पहिल्या वर्षी घाबरून गेले नाही, दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षामुळे गेले नाही, आणि भीती लोणच्यासारखी मुरत गेली. माझ्या पोटी मूलबाळ नाही. शिलाई मशीन सोडून मला तुरुंगात नेलं असतं तर डबा आणणारंही कोणी नव्हतं.

आमच्या गल्लीची पाळी आली त्या दिवशी गेजबाबू सकाळी माझ्याकडे चहा प्यायले, वर गेले, ओळखपत्र घालून खाली उतरले, बाहेर जाऊन पुढच्या दाराला आले आणि कडी वाजवली.

"नमस्ते जी. मी एका संस्थेकडून आलो आहे."

म्हटलं, ठाऊक आहे, कपबशी अजून विसळली नाही मी.

"तो मी वेगळा होतो," म्हणाले. "घरात कूलर आहे का?"

म्हटलं, आहे, आणि त्याचा पंप तुम्हीच बसवला.

"होय की नाही तेवढं सांगा."

"होय."

"बंदूक आहे का?"

"नाही."

त्यांनी लिहिलं. मग परक्या माणसासारखं पेलाभर पाणी मागितलं, प्यायले, आभार मानले आणि गेले. मला वाटत होतं की ओळखीच्या माणसाशी खोटं बोलणं कठीण जाईल. काही कठीण गेलं नाही. खरं बोलणं मात्र त्याच्याशी जास्त कठीण होतं. त्या दिवशी मी एका ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या उजव्या शिवल्या.

आमच्या समोर ठाकूरसाहेब राहतात. त्यांच्याबद्दल मी मोकळेपणी लिहिते, कारण ते मराठी वाचत नाहीत आणि त्यांच्या घरी वाचून दाखवणारंही कोणी नाही. ठाकूरसाहेबांच्या मिशा आणि बंदूक गल्लीत प्रसिद्ध. दसऱ्याला लाल मखमली खोळीत घातलेली बंदूक खांद्यावर टाकून ते गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात. लोक वाट सोडतात. कोणाच्या घरी भांडण झालं, की "ठाकूरसाहेब के घर में बंदूक है" एवढं म्हटलं तरी आवाज खाली येतो. आमच्या गल्लीत चोरी झाली नाही ती त्यांच्यामुळे, असं सगळे मानतात.

ती खोळ मी शिवली आहे. ठाकूरसाहेबांची बायको, ठकुराईन, मखमल घेऊन आली आणि मापासाठी दोन गाठी मारलेली सुतळी, एक गाठ लांबीची, एक रुंदीची. म्हटलं, बंदूकच आण, तिच्यावर बेतते. म्हणाली, उनको अच्छा नहीं लगता. मी सुतळी टेपेवर धरली. घरात बंदूक असलेल्या बाईला बंदूक केवढी असते ते ठाऊक असते. सुतळी लांबीला दीड वीत जास्त होती. आणि रुंदी एवढी कमी, की तीत बंदुकीचा मागचा लाकडी दस्ता आणि घोडा मावणार कसा? शिवून दिली. शिंपीण आणि सुईण, दोघींनी तोंड उघडलं की धंदा बसला.

तर गेजबाबूंनी ठाकूरसाहेबांना विचारलं, बंदूक आहे? ठाकूरसाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "लिखिए. दुनाली."

आमच्या गल्लीत बावीस घरं. सगळ्या फॉर्मांची बेरीज झाली, बंदूक एक.

पंधरा दिवसांनी दीदी आली. गेजबाबूंच्या खोलीत खुर्ची एकच, म्हणून अशा बैठका माझ्या पुढच्या खोलीत व्हायच्या, मशीनशेजारी. मी काम करत राहायची. दीदी फार खूश होती. तिच्याजवळ लायसनच्या यादीवरून काढलेले आकडे होते. घराचं नाव नाही, नुसती गल्ली आणि आकडा. आमच्या गल्लीसमोर लिहिलं होतं, एक. सर्वेतही एक. ह्यांच्या नावचं लायसन कोणी यादीतून काढलंच नव्हतं, ते हे एक. पण ते तिला कसं ठाऊक असणार? "देखिए अंकल," ती म्हणाली, "बिलकुल मैच कर गया."

गेजबाबूंनी फॉर्मांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. वर एक कागद टाचलेला होता. त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं की ही मोजणी वापरू नये.

दीदीला आधी कळेना. मग कळलं तेव्हा ती लाल झाली. महिनाभराचं काम, दिल्लीला जायचा रिपोर्ट, आणि हा म्हातारा म्हणतो वापरू नका. तिने विचारलं, आकडा जुळला तरी? गेजबाबू म्हणाले, आकडा जुळला म्हणूनच. एका गल्लीत दोन घरांची उत्तरं चूक आहेत, एकाचं एका बाजूला आणि दुसऱ्याचं दुसऱ्या बाजूला. म्हणून बेरीज बरोबर येऊन राहिली. कारखान्यात नळी जेवढी लहान झाली तेवढाच गोळा मोठा झाला, तर सरासरी बरोबर निघते. तोफेला ती सरासरी चालत नाही.

"कौन से दो घर?"

"घराचं नाव सांगायचं नाही, हा तुमचाच नियम आहे, दीदी."

त्या पोरीचंही बरोबर होतं. ती म्हणाली, पुरावा नाही तर हा फक्त तुमचा वहम, मनातला संशय आहे. मी वर काय सांगू? असा कागद लावायचा असेल तर तुमचं नाव काढावं लागेल, आणि पुढच्या फेरीचं कामही नाही देता येणार. कागद काढून घ्या, अंकल. ती रागावून नाही बोलली, समजावून बोलली. ते जास्त वाईट असते.

गेजबाबूंनी कागद काढला नाही. त्यांनी खिशातून पोलादी पट्टी काढली, उघडली, मिटली आणि परत ठेवली. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या दोरीची नीट घडी केली. त्या महिन्याभरात तो माणूस दहा वर्षांनी लहान झाला होता. सकाळी शीळ घालत जिना उतरायचा. ती दोरीची घडी पाहून मला राग आला. त्यांचा नाही, माझाच.

मी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"दीदी, लिख," मी म्हटलं. "इस घर में बंदूक है. ऊपर माळ्यावर."

दीदी माझ्याकडे बघत राहिली, मग माळ्याकडे. मग तिने फॉर्म शोधला, आमच्या घराचं "नाही" खोडलं आणि "होय" केलं. सहा वर्षांनी पहिल्यांदा मी माळ्याकडे सरळ मान वर करून पाहिलं.

मग ती बेरजेकडे वळली. "तो फिर एक नहीं," म्हणाली, "दो हो गईं."

मी गेजबाबूंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की ठाकूरसाहेबांचं गेजबाबूंनाही ठाऊक आहे, आणि त्यांना कळलं की मलाही. त्यांनी तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी मिटलं.

पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, "दीदी, आता बेरीज चुकली."

"अंकल, अभी तो आप कह रहे थे पहले ग़लत था."

"पहिले बेरीज बरोबर होती, दोन घरं चूक. आता एकच घर चूक आहे, तर बेरीज चूक."

दीदीने डोकं दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं रडते. खांदे हलत होते. वर पाहिलं तर हसून हसून डोळ्यांत पाणी. म्हणाली, म्हणजे जसजसं लोक खरं सांगतील तसतसा माझा आकडा बिघडत जाणार? गेजबाबू म्हणाले, जाणार. दुसरं घर कोणतं ते तिने पुन्हा विचारलं नाही. मी तिला पोहे दिले. तिने तो टाचलेला कागद उलटसुलट वाचला आणि गठ्ठ्यात, वरच, परत ठेवला. "ये जाएगा," म्हणाली.

"जाते," गेजबाबू म्हणाले.

ती गेल्यावर मी त्यांना विचारलं, माझ्या घरातलं कधीपासून ठाऊक होतं? म्हणाले, पाच वर्षांपासून. खंडेनवमीला आम्ही सगळे हत्यारांची पूजा करतो. गेजबाबू वर पांढऱ्या कापडावर आपल्या पट्ट्या आणि कड्या मांडत, मी खाली मशीन, कात्री, विळी आणि ह्यांची पक्कड. प्रसाद द्यायला ते खाली आले होते. चार हत्यारांपुढे झेंडूची चार फुलं, आणि एक फूल माळ्याच्या कडेला. "पाचवं हत्यार वर आहे हे फुलाने सांगितलं," म्हणाले. "फॉर्मवर तुम्ही सांगितलं ते लिहिलं. वहीत वर्तुळ काढलं."

मी इतकी वर्षं पोलिसांना भीत होते, आणि दरवर्षी स्वतःच्या हाताने पाटी लावत होते.

मग मी सुतळीचं सांगितलं. त्यांचं कारण वेगळंच. "ठाकूरसाहेबांच्या खिडकीचा पडदा पाहिला का? सुतळीवर आहे. घरात सगळ्या खिडक्यांना पितळी दांड्या, तेवढ्या एकाच खिडकीला सुतळी. दांडी कुठे गेली?" आम्ही दोघं हसलो, ते खुर्चीत आणि मी मशीनवर डोकं टेकून. यादीत त्यांचं लायसनही नव्हतं, म्हणजे ठाकूरसाहेबांनी खरी बंदूक कधीच विकून टाकली होती. दसऱ्याला खांद्यावर जाते ती पडद्याची दांडी.

बंदूक घरात ठेवायची नाही हे मी तेव्हाच ठरवलं. एकदा दिल्लीला सांगितल्यावर शहराला काय भ्यायचं. लायसनवाल्या दुकानात जमा करता येते असं गेजबाबूंनी विचारून आणलं. निवडणुकीच्या वेळी सगळ्यांना बंदुका जमा कराव्या लागतात, तेव्हा हेही तिथेच ठेवायचे. दुकानदाराने फोनवर सांगितलं, दिवसा आणा, कागद घेऊन आणा. आम्ही ती गोधडीसकट ऑटोत घातली. एक टोक माझ्या मांडीवर, एक गेजबाबूंच्या. ठाकूरसाहेब दारात बसले होते. "भाभीजी, रज़ाई भरवाने?" म्हणाले. म्हटलं, हो. सराफ्यातल्या गर्दीत ऑटो पाऊण तास अडकला आणि एवढ्या वेळात गेजबाबूंनी ड्रायव्हरचं मीटर बरोबर आहे की नाही ते काढलं. नव्हतं.

दुकानदार माझ्याहून म्हातारा. त्याने ह्यांचं नाव ऐकलं, जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"माताजी, ये बंदूक तो हमारे यहाँ जमा है."

म्हटलं, असेल तर दाखवा.

तो आत गेला. बराच वेळ खडखडाट झाला. बाहेर आला तो केसांत कोळिष्टक घेऊन. मी गोधडी उघडली. त्याने नंबर पाहिला, रजिस्टर पाहिलं, पुन्हा नंबर पाहिला. ह्यांच्या हयातीतल्या शेवटच्या निवडणुकीनंतर हे बंदूक घेऊन गेले होते आणि परत दिल्याची नोंद करायची राहून गेली होती. कागदाप्रमाणे ती बंदूक कधी माझ्या घरी आलीच नव्हती. सहा वर्षं मी ज्या वस्तूला भीत होते ती कागदावर दुकानदाराच्या कपाटात होती.

गेजबाबूंचा आनंद मला सांगता येत नाही. दुकानात टाळी वाजवली त्यांनी. "यादी चूक, फॉर्म चूक, रजिस्टरही चूक. वहिनी, सगळी गेजं झिजलेली!" मग एकदम गंभीर झाले. "पण पहा, तुम्ही मला नाही म्हणाल्या ते रजिस्टरप्रमाणे खरं होतं."

दुकानदाराने बंदूक उचलली आणि आत नेऊन ठेवली. रजिस्टरमध्ये त्याला एक अक्षरही लिहावं लागलं नाही. ते आपोआप खरं झालं.

घरी परतल्यावर गेजबाबू वर गेले, ओळखपत्र घालून खाली आले, बाहेरून कडी वाजवली आणि विचारलं, बंदूक आहे का? म्हटलं, नाही. "कूलर?" म्हटलं, होय, आता चहा प्या आणि ते गळ्यातलं काढा.

त्यांचा कागद दिल्लीत गेला, आणि दीदीने पुढच्या फेरीला त्यांना परत बोलावलं. फॉर्म भरायला नाही, फॉर्म भरणाऱ्या पोरांना शिकवायला. तिथे त्यांनी पहिल्या दिवशी काय केलं असेल? सगळ्यांना विचारलं, तुमचं वय किती, आणि मग आधार कार्ड दाखवायला लावलं.

दोन वर्षं झाली, गेजबाबू पुतण्याकडे नागपूरला गेले. गुडघ्यांना वरचा जिना झेपत नव्हता. निघताना मी तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत सोबत गेले. तिथे नर्मदेत नाणं टाकायच्या आधी त्यांनी ते पट्टीवर ठेवून पाहिलं. आता आठवड्याला फोन करतात. पहिला प्रश्न, "आज वार कोणता?" मी बरोबर सांगितलं की मग तब्येत विचारतात.

खंडेनवमीला मी अजून चार फुलं मांडते. पाचवं हातात येते, जाऊ दे म्हणून केसांत माळते. आमच्या गल्लीत आज एकही बंदूक नाही. ठाकूरसाहेबांच्या दांडीच्या धाकाने चोर येत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात एक नवी मुलगी आली, हातात टॅबलेट घेऊन. मराठी घरातलीच होती, आडनावावरून कळलं, पण बोलायची हिंदीत. तिचा पहिलाच प्रश्न, घर में कोई बंदूक है? म्हटलं, नाही. तिने बोट टेकवलं आणि उठायला लागली. तिने माळ्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही.

मी तिला खाली बसवलं. म्हटलं, आधी कूलर विचार.

"जी?"

"विचार तर खरं."

"दादी, आपके घर में कूलर है?"

"नाही," मी म्हटलं.

तिने मान खाली घातली आणि बोट टेकवायला नेलं. तेवढ्यात तिची ओढणी उडून तोंडावर आली. तिने ती ओढून काढली, ती पुन्हा उडाली. मग ती हळूच मागे वळली. माझा कूलर पूर्ण जोरात चालू होता.

तिने कूलरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टॅबलेट मांडीवर ठेवला.

"दादी," ती म्हणाली, "तो फिर वो बंदूक वाला...?"

"हं," मी म्हटलं. "आता विचार."